वरचं लिहिल्यानं खालचं जात नाही

भापकर सरांकडे कुणी आपला निकाल घेऊन आलं, की ते आधी पाणी पाजायचे. पोरगं दारातूनच "सर, मला पर्सेंटाइल..." म्हणून सुरुवात करायचं आणि सर हात वर करून त्याला थांबवायचे. "आधी पानी पी. आकडा कुठं पळून जात न्हाई." मग टेबलाखालचा तांब्या वर यायचा. पोराला पाणी, बापाला पाणी, सोबत आलेल्या मामालाही पाणी. सगळ्यांचं पिऊन झालं, की सर कपाळावरचा चष्मा नाकावर घ्यायचे आणि म्हणायचे, "हां. सांग आता." हा काय विधी आहे, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "मॅडम, आकडा ऐकून मी जे बोलतो ना, त्याच्यानंतर कुनाच्या घशाखाली पानी उतरत न्हाई. म्हनून आधी."

शेवगावच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात ते गणित शिकवायचे आणि मी मराठी. सायन्सच्या पोरांच्या लेखी मराठीचा तास म्हणजे डबा खायची सोय. त्यामुळे इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचे दिवस आले, की स्टाफरूममध्ये सगळ्यात रिकामी बाई मीच असायची. सरांचे डोळे मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर स्क्रीनकडे बघितलं की पाझरायला लागायचे. म्हणून आकडे मी वाचायचे, टाइप मी करायचे आणि सर डोळे मिटून ऐकायचे. असे किती जुलै गेले ते मी मोजलेले नाहीत. मात्र दर जुलैच्या शेवटी आम्हा दोघांचीही बोलायची ताकद संपलेली असायची, एवढं आठवतं.

ज्यांच्या घरात हा प्रकार झालेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. परीक्षेचा निकाल लागला, की पोरांनी आपल्याला हव्या त्या कॉलेजांची यादी क्रमाने ऑनलाइन भरायची. मग फेऱ्या होतात आणि ज्याच्या त्याच्या गुणांप्रमाणे जागा मिळतात. अमुक कॉलेजात, अमुक शाखेत, अमुक प्रवर्गात शेवटचा प्रवेश कितीवर झाला, ते आकडे नंतर जाहीर होतात. त्यालाच कटऑफ म्हणतात. पुढच्या वर्षी सगळा जिल्हा तो कटऑफ उशाशी घेऊन झोपतो. पुण्याच्या मोठ्या सरकारी कॉलेजचा कटऑफ तर आमच्याकडे न शिकलेल्या आयांनासुद्धा पाठ असायचा.

सरांना मात्र त्या आकड्यात आकडा दिसायचाच नाही. "कटऑफ म्हंजे काय रं?" ते पोराला विचारायचे. पोरगं व्याख्या सांगायला लागायचं. "व्याख्या राहू दे. कटऑफ म्हंजे एक पोरगा हाय. कुनाचा तरी. यश्टीत सगळ्यात शेवटी चढला, अन् त्याच्या मागं कंडक्टरनं दार लावलं. तो काय तुझ्यापेक्षा लई शाना हुता असं न्हाई. जागा हुती, तो चढला. यंदा गर्दी कमी आसंल, तर तू चढशील." गावात क्लासवाल्यांचे फ्लेक्स लागायचे, त्यावर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, गळ्यात हार. सर त्याखालून सायकल हाकत यायचे आणि मला सांगायचे, "पैल्याला सगळं गाव वळखतं, मॅडम. माझं गिऱ्हाईक शेवटचं."

बापमाणसांशी ते जरा कडक बोलायचे. जाहिरात बघून भलत्याच कॉलेजचं नाव घेऊन आलेल्या एका शेतकऱ्याला त्यांनी सरळ विचारलं होतं, "घोडेगावच्या बाजारात बैल घेताना दात बघता, चालवून बघता, चार मान्सांना इचारता. अन् पोरीसाठी कॉलेज घेताना निस्तं चित्र बघितलं व्हय?" तो माणूस ओशाळला, हसला, आणि दुसऱ्या दिवशी एस.टी.ने ते कॉलेज बघूनही आला. परत येऊन म्हणाला, "दात न्हाईत, सर."

पण सरांची खरी झुंज होती ती एकाच चुकीशी, आणि ती चूक आमच्याकडचीच आहे. यादीत पहिलं नाव आपल्याला खरोखर हवं असलेल्या कॉलेजचं लिहायचं, ही साधी गोष्ट. पण आमच्या भागातला बाप पहिल्या नंबरावर हमखास मिळणारं, जवळचं, गपगुमान कॉलेज लिहायचा. मोठं नाव वर लिहिलं आणि मिळालं नाही, तर पहिला नंबर वाया जाईल, असं प्रत्येकाला वाटायचं. शिवाय एवढं मोठं मागणं बरं दिसत नाही, हेही असायचंच. नियम मात्र असा, की पहिल्या नंबरावर लिहिलेलं कॉलेज पहिल्याच फेरीत मिळालं तर ते घ्यावंच लागतं, आणि पुढच्या फेऱ्यांचं दार बंद होतं.

सर म्हणायचे, "आपल्याकडं पंगतीला बसल्यावर वाढप्या आला, की आपन आधी 'नको नको' करतो. हात आडवा धरतो. कारन ठाऊक हाय, तो आग्रव करनार, दुसऱ्यांदा इचारनार. कम्प्युटरला आग्रव ठाऊक न्हाई. तू नको म्हनलास, की तो फुडच्या पानावर गेला." आणि मग ते वाक्य, जे मी स्वप्नातसुद्धा ऐकलेलं आहे, "वरचं लिहिल्यानं खालचं जात न्हाई. लिहा वर." हे वाक्य ते एका दिवसात इतक्यांदा म्हणायचे, की संध्याकाळी त्यात जीव राहायचा नाही. नुसते ओठ हलायचे.

एका जुलैमध्ये असेच दमून बसलो होतो. चहा आला होता, प्यायची इच्छा दोघांनाही नव्हती. मी म्हटलं, सर, कशाला हा जाच? कॉलेज काही देत नाही, पोरं पेढा द्यायलासुद्धा परत येत नाहीत. त्यांनी चहाची बशी बाजूला सारली. "मी सोता तीच चूक केली, मॅडम," ते म्हणाले. "आमच्या वैशालीच्या येळंला. गनिताचा मास्तर मी. मीच तिच्या यादीत पैलं नगरचं लिवलं. म्हनलं, पोर जवळ राहील, शनवारी घरी यील. पैल्याच फेरीत मिळालं. गावात पेढे वाटले. अन् शेवटच्या फेरीत पुन्याचा कटऑफ तिच्या खाली आला. दार उघडं हुतं, अन् मी पोरीला आधीच दुसऱ्या यश्टीत बसवून दिलं हुतं." वैशाली काय म्हणाली, असं मी विचारलं. "काय न्हाई म्हनली. तेच तर." एवढं बोलून ते उठले आणि तांब्या भरून आणायला गेले. त्यानंतर मी त्यांना 'कशाला' असं कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी सर निवृत्त होऊनही जुलैत टेबलावर हजर होते. छातीचं दुखणं सुरू झालेलं होतं. दोन जिने चढून आले की आधी स्वतःच पाणी प्यायचे. मी म्हटलं, घरी बसा, मी बघते. तर म्हणाले, "तुमी मराठीच्या. तुमाला लगीच दया येती." हे ऐकून मला रागच आला होता.

त्याच जुलैत अश्विनी आली. आमचीच विद्यार्थिनी, पाथर्डीच्या बाजूच्या एका वाडीवरची. आईवडील दसरा झाला की देवळाली प्रवराच्या बाजूला ऊसतोडीला जाणारे. ते तिकडे गेले, की अश्विनी आजीजवळ राहून, धाकट्या दोघांचं बघून शिकलेली. तिच्यासोबत तिची आई आली होती, मंदाबाई. पाणी प्यायल्यावर अश्विनीनं आकडा सांगितला, मी टाइप केला. सरांनी डोळे मिटले. पुण्याच्या मोठ्या कॉलेजचा तिच्या प्रवर्गातला आदल्या वर्षीचा कटऑफ तिच्यापेक्षा थोडा वर होता, अगदी दशांश चिन्हाच्या पलीकडच्या फरकानं. नगरचं कॉलेज मात्र सहज मिळणारं होतं.

मंदाबाई म्हणाल्या, "सर, नगरचंच टाका पैलं. दसऱ्याला आमी जानार. त्याच्या आत पोरीचं ठिकान लागलं पायजे. न्हाई लागलं तर तिचे चुलते म्हनत्यात, लगीन उरकून टाका, नवराबायकोची जोडी तोडीला यील." त्या हे सगळं कोरड्या आवाजात बोलल्या. अश्विनी जमिनीकडे बघत होती. मला तेव्हा खरंच दया आली, आणि सर म्हणाले होते ते बरोबर होतं. मी मनात म्हटलं, टाका बाई नगरचं. सुटेल बिचारी.

सरांनी विचारलं, "तुला काय पायजे, पोरी?" अश्विनी काही बोलेना. "पंगतीला बसल्यागत करू नको. म्या दुसऱ्यांदा इचारनार न्हाई." तेव्हा ती म्हणाली, "पुणे." इतकं हळू म्हणाली, की मी आईकडे बघितलं, त्यांनी ऐकलं की काय म्हणून. त्यांनी ऐकलं होतं.

"हातातलं सुटलं तर, सर?" मंदाबाईंनी विचारलं.

"न्हाई सुटत. वरचं मिळालं तरच खालचं सुटतं. वर पुन्याच्या सगळ्या शाखा लिहू, मधी बाकीची, नगरचं लई खाली. मिळालं तर तिथं जाईल, न्हाई मिळालं तर नगर हायच. वरचं लिहिल्यानं खालचं जात न्हाई, बाई. माझ्यावर इस्वास ठेवा."

मंदाबाईंनी विश्वास ठेवला, असं म्हणता येणार नाही. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मी काय सांगू. लिवा." पहिल्या फेरीत अश्विनीला नगर मिळालं. वाडीवर सगळ्यांना हायसं वाटलं. ते राखून ठेवून पुढच्या फेरीची वाट बघायची, असं सरांनी सांगितलं. दुसऱ्या फेरीत पुन्हा नगरच. तिच्या चुलत्यांचा मला फोन आला, की मॅडम, आता बास करा, पोरीच्या डोक्यात काय भरवताय? तिसऱ्या फेरीत पुन्हा नगर. मंदाबाई बाजारच्या दिवशी येऊन स्टाफरूमच्या दारात नुसत्या उभ्या राहिल्या. रागावल्या असत्या तर परवडलं असतं. सर त्यांच्याकडे बघू शकत नव्हते, हे मला दिसत होतं. त्या गेल्यावर ते मला म्हणाले, "दमलो, मॅडम. पोरं बदलत्यात, भ्याव तेच. आता मला बी तेच भ्याव." आयुष्यभर लोकांना जे वाक्य ते शिकवत आले, त्यावर त्या संध्याकाळी त्यांचाच विश्वास उडालेला होता.

शेवटच्या फेरीचा निकाल मीच उघडला. पुणे. शाखा मेटलर्जी. मी सरांना फोन करून वाचून दाखवलं. ते म्हणाले, "परत वाचा." मी परत वाचलं. "शाखा बी वाचा." वाचली. मंदाबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "धातूचं म्हंजे लोहारकाम का सर?" सर म्हणाले, "व्हय. पन भाता दुसरं कुनीतरी मारतं." दसऱ्याच्या आधी अश्विनी पुण्याच्या होस्टेलला गेली. दसऱ्यानंतर मंदाबाई आणि त्यांचे यजमान तोडीला गेले. चुलते गप्प झाले.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण संक्रांतीच्या सुमारास मी सरांना बघायला गेले होते, तेव्हा अश्विनीचा फोन आला. सरांच्या हातात मोबाईल धरवत नव्हता, म्हणून तो खाटेवरच मोठ्या आवाजात ठेवला. ती रडत होती. दोन विषय राहिले होते. वर्गात सगळे कुठून कुठून मोठ्या क्लासचे, इंग्रजीत भांडणारे. कुणीतरी मेरिटचे नंबर काढून बघितले होते आणि तिला हसत सांगितलं होतं, की आपल्या शाखेत सगळ्यात शेवटची तू. "सर, मी इथं शेवटची हाय. नगरला बरी ऱ्हायले असते. मी परत येते."

मला वाटलं, सर आता समजूत घालतील. ते उठून बसले. उठताना त्यांना त्रास झाला. "पानी पिलीस का?" त्यांनी विचारलं. ती गोंधळली. "आधी पी. मी थांबतो." पलीकडे खरंच बाटली उघडल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, "आता ऐक. शेवटची म्हंजे काय, ते त्या पोरांना ठाऊक न्हाई. तुझ्या मागं दार लागलं, पोरी. त्या दाराला पाठ लावून तू उभी हायस. पन कुठं? आत. शेवटचा आतलाच असतो. राहिलेले दोन विषय यश्टी चालू झाल्यावर काढ. उतरू नको." एवढं बोलून त्यांना धाप लागली आणि फोन मी बंद केला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि समोर स्क्रीन नव्हती.

शिमगा झाल्यावर सर गेले. तेराव्याला मी गेले, तेव्हा वैशालीची आणि माझी पहिल्यांदाच नीट गाठ पडली. नगरला एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे, दोन मुलं आहेत, बापासारखीच उंच. मी धीर करून तिच्या यादीचा विषय काढला. ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. "मॅडम, मी नंतर किती वेळा सांगितलं त्यांना. बाबा, मी सुखात आहे. मला नगरच हवं होतं, मला शनिवारी घरी यायचं होतं. ते म्हणायचे, तू मला बरं वाटावं म्हणून बोलतेस, आकडा येगळंच सांगतो." सगळ्या तालुक्याला आकड्यामागचा माणूस दाखवणाऱ्या या गृहस्थांना स्वतःच्या लेकीचा आकडाच तेवढा दिसत राहिला. मला त्यांचा फार राग आला त्या दिवशी, आणि फार आठवणही आली.

हा जुलै आला, तेव्हा मी ठरवलं होतं की या वर्षी त्या टेबलाशी बसायचं नाही. मी मराठीची आहे, माझा काय संबंध? पण बाजारच्या दिवशी लोक आले आणि सरांच्या रिकाम्या खुर्चीसमोर रांग धरून उभे राहिले. त्यातल्या निम्म्यांना सर गेल्याचं माहीतही नव्हतं. मी तांब्या भरून आणला आणि बसले.

एक मुलगा वडिलांबरोबर आला होता. पाणी पिऊन झालं. मेटलर्जी हवं म्हणाला. मी गेल्या वर्षीचे कटऑफ उघडले, पुण्याचं मोठं कॉलेज, ती शाखा, तो प्रवर्ग, शेवटची फेरी, आणि थांबले. तो आकडा मी गेल्या वर्षी प्रत्येक फेरीला स्वतःच्या हातानं टाइप केला होता. दशांश चिन्हापुढची सगळी शेपटी तीच होती.

वडील वाकून स्क्रीनकडे बघत म्हणाले, "ह्याचे तर त्याहून कमी हायेत, मॅडम. मग तिथं लिवून काय उपेग? पैला नंबर वाया जायचा. नगरचंच टाका."

मी त्या आकड्यावर बोट ठेवलं. "हा आकडा नाही, दादा," मी म्हटलं. "ही आपल्या पाथर्डीकडची अश्विनी आहे. दोन विषय राहिले होते, उन्हाळ्यात काढले. तिला बसायला जागा मिळाली, तर ह्यालाही मिळेल. मिळाली नाही, तर नगर कुठं पळून जात नाही."

मुलाने आणखी एक पेला पाणी मागितलं, आणि मी पहिल्या नंबरावर पुणे लिहायला घेतलं.